अहिल्यानगर-जिल्ह्यातील-प

ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याच्या नव्या नावाची अधिसूचना निघाली आणि त्या दिवाळीत मला शुभेच्छांपेक्षा एकच निरोप जास्त आला: "ताई, साइटवर नाव बदलून टाका." मी सावेडीत घरी बसून छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बनवते आणि सांभाळते. डाळिंबाची रोपवाटिका, दातांचा दवाखाना, दोन मंगल कार्यालयं, भंडारदऱ्याचे तंबूवाले, स्पर्धा परीक्षांचा एक क्लास. पाट्या रंगवायला गेल्या होत्या, बिलबुकं छापायला गेली होती, वेबसाइट तेवढी राहिली होती. आणि ते काम पाटीपेक्षा सोपं, असा सगळ्यांचा समज. पाटीला रंगारी लागतो, शिडी लागते. इथे काय, जुना शब्द शोधायचा, नवा टाकायचा.

पानावरचा मजकूर बदलणं खरंच दुपारभराचं काम होतं. अडचण होती पत्त्याची. म्हणजे ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसतो तो पत्ता, ज्याला आपण लिंक म्हणतो आणि या धंद्यातले लोक यूआरएल म्हणतात. जिल्ह्याचं नाव तिथेही होतं. कुठे साइटच्या मुख्य नावातच, कुठे मागच्या शेपटीत.

नाव बदलावं की नाही यावर नगरमध्ये कुणाशीही, कितीही वेळ बोलता येतं. ३१ मे २०२३ ला चौंडीत घोषणा झाली, मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी आली, मग अधिसूचना, मग २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचंही नाव बदललं. आणि एवढं सगळं होऊनही आम्ही बोलताना 'नगर'च म्हणतो; आधीही तेच म्हणत होतो. तो वाद मी इथे आणत नाही. जागेचं नाव बदललं की इंटरनेटवर तिच्याकडे येणाऱ्या वाटांचं काय होतं, हे मला गेल्या दीड-दोन वर्षांत रोज जवळून बघावं लागलं, त्याबद्दल लिहायचंय.

सुरुवात एका गमतीपासून करते. मराठीत लिहिलेला पत्ता आपल्याला मराठी दिसतो, पण आतून तो तसा नसतो. इंटरनेटचे पत्ते मुळात रोमन अक्षरांसाठी बेतलेले. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणकाच्या पोटात तीन बाइटचं असतं, आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटसाठी एक टक्क्याची खूण आणि पुढे दोन अक्षरं लागतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. साधा 'अ' लिहायचा तर '%ई०%ए४%८५', तेही रोमनमध्ये. शिवाय काना, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र प्रवासी. प्रत्येकाचं वेगळं तिकीट. 'अहमदनगर'मध्ये सात चिन्हं, म्हणून ६३ जागा. 'अहिल्यानगर'मध्ये दहा, म्हणून ९०.

आता वर्डप्रेस. जगातल्या कितीतरी साइट आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मराठी साइट त्यावर चालतात. तुम्ही लेखाला शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्यावरून आपोआप पत्त्याची शेपटी बनवतं, पण त्या शेपटीला २०० जागांची मर्यादा आहे. इंग्रजी शीर्षकाला त्या पुरून उरतात. मराठीचा हिशोब करून बघा. 'अहमदनगर जिल्ह्यातील पाणीटंचाई' असं शीर्षक असेल तर ६३, मग आडवी रेघ, 'जिल्ह्यातील'चे ९९, पुन्हा रेघ: झाले १६४. उरल्या ३६ जागा, म्हणजे चार चिन्हं. पत्ता तयार होतो 'अहमदनगर-जिल्ह्यातील-पाणी'. टंचाई गेली, पण निदान पाणी राहिलं. नव्या नावानं तेच शीर्षक द्या. ९०, १, ९९, १. झाले १९१. उरल्या नऊ. पत्ता तयार होतो 'अहिल्यानगर-जिल्ह्यातील-प'.

पाणीटंचाई, पर्यटन, पीकविमा, पालखी, पोटनिवडणूक, सगळ्यांचा पत्ता 'प'. दुसऱ्या लेखाच्या वेळी वर्डप्रेसला कळतं की हा पत्ता आधीच दिलेला आहे, मग ते 'प'सुद्धा काढून घेतं आणि मागे २ लावतं. तिसऱ्याला ३. जिल्ह्यातल्या एका छोट्या बातम्यांच्या साइटचं काम माझ्याकडे आलं तेव्हा तिथे हा आकडा बराच पुढे गेलेला होता. एका ओळीत, एकाच नावाची मुलं पटावर असावीत आणि मास्तरांनी नुसते नंबर पुकारावेत, तसं.

हा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की दुसरा प्रकार होतो. तो बऱ्याचदा मूळ रूपात, टक्क्यांच्या खुणांसकट पसरतो. फोनवर चार-पाच ओळी नुसती टक्के, आकडे आणि अक्षरं. घरच्या ग्रुपवर मी एकदा जुन्या वाड्यांवरच्या चांगल्या मराठी लेखाची लिंक टाकली, तर आत्यानं लगेच सगळ्यांना बजावलं, "कुणी दाबू नका, खातं रिकामं होतंय." आत्याचं काही चुकलं नाही. लिंकवरून फसवणुकीच्या इतक्या गोष्टी कानावर येतात की वाचता न येणारी लिंक उघडू नये हाच शहाणपणा. पण त्याचा भुर्दंड मराठीत पत्ता ठेवणाऱ्याला पडतो. ऑगस्ट २०१४ मध्ये 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन सुरू झालं, तेव्हा हे सगळं मिटेल असं वाटलं होतं. आज मला कामासाठी रोज पाच-पन्नास साइट बघाव्या लागतात. त्यात 'डॉट भारत' कधी दिसलंच तर मी थांबून बघते.

म्हणून मी गिऱ्हाइकांच्या साइटला रोमन शेपटी देते. छोटी, दोन-तीन शब्दांची. त्यातही सुटका नाही. सरकारी स्पेलिंगमध्ये अहमदनगरच्या मध्यावर 'ई' आहे, आणि इंग्रजांच्या १८८४ च्या गॅझेटियरमध्ये तिथे 'ए' आहे. नेवासा कुणी 'डब्ल्यू'नं लिहितं, कुणी 'व्ही'नं. श्रीरामपूरला रेल्वेनं जायचं तर वर्षानुवर्षं तिकीट बेलापूरचं काढावं लागलंय, आणि बेलापूर म्हटलं की फोनला नवी मुंबईच आठवते.

नगर जिल्ह्याला हा नावांचा शापच आहे म्हणा. कर्जत शोधा: रायगडचं कर्जत येतं, धबधबे, फार्महाउस, लोकल ट्रेन. आमचं कर्जत, रेहेकुरीच्या काळविटांचं, खाली कुठेतरी. अकोले शोधा, फोन विचारतो 'तुम्हाला अकोला म्हणायचंय का?' आणि विदर्भात नेऊन सोडतो. शेंडी तर जिल्ह्यातच दोन आहेत, एक भंडारदरा धरणाच्या कडेला, दुसरी नगर शहराजवळ संभाजीनगर रस्त्यावर.

इथे पत्त्याची रचना कामाला येते. पत्त्यातली तिरपी रेघ म्हणजे एकात एक ठेवलेले डबे: जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग जागा. अकोले तालुक्याच्या डब्यात शेंडी ठेवली की ती कुठली शेंडी हे वाचणाऱ्याला कळतं. साइट मोठी असेल तर ती सांभाळणाऱ्यालाही कळतं, हे जास्त महत्त्वाचं. दोन वर्षांनी आपण काय कुठे ठेवलंय हे आपल्यालाच आठवत नाही. पण आमच्या धंद्यात एक समज पक्का बसलाय की पत्त्यात योग्य शब्द कोंबले की गूगलमध्ये वर येता येतं. मला दर महिन्याला कुणीतरी असा पत्ता पाठवतं ज्यात 'बेस्ट', 'टॉप', गावाचं नाव, तालुक्याचं नाव, धंद्याचं नाव, पुन्हा गावाचं नाव अशी वरात असते. गूगलचे लोक कितीदा सांगून थकलेत की पत्त्यातल्या शब्दांचं वजन क्रमवारीत अगदीच किरकोळ आहे. आणि जानेवारी २०२५ पासून मोबाइलवरच्या निकालांत गूगल पत्त्याची शेपटी दाखवतही नाही, नुसतं साइटचं मुख्य नाव दाखवतं. म्हणजे तुम्ही हे फोनवर वाचत असाल तर शोधताना तुम्हाला ते डबे दिसतच नाहीत.

मग रायगडच्या कर्जतपुढे आमचं कर्जत वर यायचं कसं? याचं उत्तर मला एका निवृत्त शिक्षकांच्या साइटमुळे नीट सांगता येऊ लागलं.

गुरुजींनी नगर तालुक्यातल्या शाळांत आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर जिल्ह्यातल्या जागांवर लिहायला बसले. भुईकोट किल्ला, फराहबाग, दमडी मशीद, नेवाशाचा पैस खांब, निघोजचे रांजणखळगे, आणि त्यांचा खास जिव्हाळ्याचा विषय म्हणजे नगरचे खापरी नळ. निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, शेंडी, भिंगार अशा आजूबाजूच्या गावांकडून जमिनीखालून शहरात पाणी आणलेलं होतं. उतार साधत आणलेले मातीचे नळ, मधूनमधून उघडी तोंडं, आणि शेवटी शहरातले हौद, कारंजी, बागा. गुरुजींनी हे पायी हिंडून, म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिलंय. भाच्यानं त्यांना साइट करून दिली आणि तो पुण्याला नोकरीला गेला. साठ-पासष्ट लेख झाले. वाचायला येणारं जवळजवळ कुणी नाही.

माझ्याकडे ते आले ते जरा रागातच. "पोरी, हे लोक गुगलवर खापरी नळ टाकतात तेव्हा मी का येत नाही? माझ्याएवढं कुणी लिहिलंय का?" नव्हतं लिहिलं. निदान मराठीत मला तरी दिसलं नाही.

मी साइट उघडली. पत्ते बघून कुठलाही सल्लागार कपाळावर हात मारेल असे: प्रश्नचिन्ह, 'पी', बरोबर, आणि एक आकडा. वर्डप्रेसचा अगदी साधा, मूळ प्रकार. भाच्यानं काही बदललंच नव्हतं. पण अडचण ती नव्हती. अडचण ही होती की साठ लेख म्हणजे साठ बेटं होती. किल्ल्याच्या लेखात खंदकाच्या पाण्याची गोष्ट येते, तिथे खापरी नळांचा उल्लेख आहे, पण त्या शब्दावर बोट ठेवलं तर काही होत नाही. फराहबागेच्या लेखात बागेचं पाणी कुठून यायचं ते दोन परिच्छेद लिहिलंय, लिंक नाही. पहिल्या पानावर शेवटचे दहा लेख दिसायचे. अकरावा लेख लिहिला की पहिला लेख मागे ढकलला जायचा, आणि पंचविसाव्यानंतर तिथपर्यंत जायला 'जुने लेख', 'जुने लेख' असं दाबत बसायला लागायचं. तेवढं कोण दाबतं?

गूगल तरी कशाला दाबेल? त्याचं यंत्र पानं वाचत फिरतं ते मुख्यतः लिंकवरून लिंकवर उड्या मारत. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी, सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी, जी कल्पना मांडली त्यातून गूगल उभं राहिलं. एक माणूस कल्पा, जो कंटाळा येईपर्यंत समोरच्या पानावरची कुठलीही लिंक दाबत राहतो, आणि कंटाळला की कुठल्यातरी भलत्याच पानावर जातो. असा माणूस ज्या पानावर जास्त वेळा पोचेल, ते पान महत्त्वाचं. लिंक दाबत राहण्याची शक्यता त्यांनी ०.८५ धरली होती. आज गूगल यापलीकडे शेकडो गोष्टी बघतं, पण मूळ विचार तसाच आहे: ज्या पानाकडे वाट जाते, ते पान कुणासाठी तरी आहे. तुमच्याच साइटमध्ये तुमच्याच एका पानाकडे तुम्ही स्वतः वाट काढली नसेल, तर बाहेरच्यानं काय समजायचं?

हे मी गुरुजींना सांगत होते आणि त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, "म्हणजे कापूरवाडीला पाणी आहे. नळच टाकला नाही."

त्यानंतर मला फारसं समजावावं लागलं नाही. उलट तेच मला शिकवू लागले. किल्ल्याचं पान तसं बरं चालायचं, कारण नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' कुठे लिहिलं हे दर वर्षी कुठली ना कुठली परीक्षा विचारते, आणि १९४२ ते ४५ ची ती कैद, मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर', हे सगळं गुरुजींनी तिथे नेमकं लिहिलेलं होतं. "मग पाणी तिथून सोडायचं," ते म्हणाले. किल्ल्याच्या पानावरून खंदकाच्या वाक्यात खापरी नळांकडे. नळांच्या पानावरून फराहबागेकडे. फराहबागेवरून सलाबतखानाच्या कबरीकडे. एक वही केली त्यांनी, डावीकडे लेख, उजवीकडे त्यातून कुठे कुठे जायचं. आणि एक नियम त्यांचा त्यांनीच घातला: ज्या वाक्यात दुसऱ्या जागेचं नाव सहज येतं तिथेच लिंक, उगाच आणायची नाही.

हा नियम आमच्या धंद्यात लोक पैसे घेऊन शिकवतात. मराठी बातम्यांच्या साइटवर लेखाच्या मधोमध 'हेही वाचा' अशी चौकट येते ना? दुष्काळाची बातमी वाचताय आणि चौकट एका नटीच्या लग्नात नेते. लिंक म्हणाल तर आहे, पण या पानाचं त्या पानाशी नातं काय, हे ना वाचणाऱ्याला कळतं ना यंत्राला. तसंच 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा'. लिंकवर जे शब्द असतात त्यावरूनच पलीकडे काय आहे याचा अंदाज बांधला जातो. सगळ्या लिंकवर 'येथे क्लिक करा' लिहिणं म्हणजे गावातल्या प्रत्येक फाट्यावर 'इकडे' अशी पाटी लावणं.

सलाबतखानाच्या कबरीवर आमचं भांडण झालं. शाह डोंगरावरची ती तीन मजली अष्टकोनी इमारत अख्खं नगर 'चांदबिबी महाल' म्हणून ओळखतं. कॉलेजची पोरं तिथेच जातात, फोटो त्याच नावानं टाकतात, शोधतातही त्याच नावानं. पण तो महाल नाही आणि चांदबिबीचा तर नाहीच. मुर्तजा निजामशाहाचा मंत्री दुसरा सलाबतखान याची ती कबर. गुरुजींना 'चांदबिबी महाल' हा शब्द पानावर नको होता. चूक ती चूक. माझं म्हणणं, ज्याला चुकीचं नावच ठाऊक आहे तो बरोबर नावापर्यंत येणार कसा? शेवटी लेखाचं शीर्षक झालं 'चांदबिबी महाल: खरं तर सलाबतखानाची कबर', आणि साइटमधल्या बाकीच्या लेखांतून तिथे जाणाऱ्या लिंकवर कुठे एक नाव, कुठे दुसरं. पत्त्याला हातही लावला नाही. तो होता तोच आकडा.

थोडे आठवडे गेले. मग खापरी नळांचं पान दिसायला लागलं, आधी दुसऱ्या पानावर, मग वर. एका वास्तुकलेच्या विद्यार्थिनीचा मेल आला, तिला प्रकल्पासाठी नळांच्या तोंडांच्या जागा हव्या होत्या. गुरुजी तिला घेऊन कापूरवाडीला गेले, त्या वयात, उन्हात.

आणि नाव बदललं तेव्हा सगळ्यात कमी काम गुरुजींच्या साइटवर होतं. ज्या पत्त्यांना मी मनात हसले होते त्यांत जिल्ह्याचं नावच नव्हतं. नुसते आकडे. आमच्या गाड्यांच्या नंबरासारखे: एमएच १६ काल होता, आजही आहे. पिनकोड ४१४००१ तोच. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली यानं १९९८ मध्येच एक छोटं टिपण लिहून सांगितलं होतं की जे पुढे बदलू शकतं ते पत्त्यात घालू नका. चांगले पत्ते बदलत नाहीत. त्यानं विषयाचं नावसुद्धा टाळा म्हटलंय. माझ्या गिऱ्हाइकांना हे सांगितलं तर ते मला दुसरी मुलगी शोधायला सांगतील. पत्ता वाचता यावा, आत्याला भीती वाटू नये, हेही खरंच आहे. मी मधला मार्ग धरते. शब्द ठेवते, पण वर्ष, योजना, पद, 'नवीन', 'ताजं' असलं काही ठेवत नाही. जिल्ह्याचं नाव बदलण्यातलं आहे, हे मात्र २०२३ पूर्वी कुणाच्या डोक्यात येणार होतं?

आता भंडारदऱ्याचं. शेंडीजवळ (धरणाच्या शेंडीजवळ) तंबू लावणारे एक दादा आहेत. त्यांचा धंदा वर्षातले तीन-चार आठवडे: मेच्या अखेरीपासून पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत, काजव्यांचे दिवस. त्या काळात पुण्या-मुंबईचे लोक रात्री गाड्या भरभरून येतात. दादांच्या साइटवर काजव्यांचं एक पान होतं, जुनं, पाच-सहा वर्षांचं. कितीतरी भटक्यांनी आपल्या लेखांतून त्या पानाकडे लिंक दिलेली, व्हॉट्सअ‍ॅपवर तीच फिरायची. नाव बदलल्यावर त्यांनी एका एजन्सीकडून साइट नवी करून घेतली. छान दिसते. पण प्रत्येक पानाचा पत्ता बदलला, जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे काहीच जोडलं नाही, आणि मे आला तेव्हा जुन्या लिंकवर जाणाऱ्याला 'पान सापडलं नाही' एवढंच दिसत होतं. शोधात त्यांच्या जागी दुसरेच तंबूवाले. काजवे नेहमीसारखे चमकत होते, दादांचा फोन वाजत नव्हता.

त्यांनी मला बोलावलं तेव्हा हंगामाचे दोन आठवडे उरले होते. काम साधंच होतं. पत्ता कायमचा बदलला असेल तर सर्व्हरला एक ओळ लिहून सांगता येतं, जुन्या दारावर आलेल्याला नव्या दाराशी नेऊन सोड. याला ३०१ म्हणतात. पोस्टमननं ओळखीच्या माणसाचं पत्र नव्या घरी पोचवावं तसं. गूगलच्या गॅरी इलिस यांनी २०१६ मध्ये जाहीरच केलंय की अशा वळवण्यानं पानाची कमावलेली पत कमी होत नाही, आणि गूगलचा सल्ला आहे की ही वळणं निदान वर्षभर तरी काढू नका. जमेल तितका जास्त काळ ठेवा. मी जुन्या पानांची यादी जमवली, एकेकाला त्याच्या खऱ्या जोडीदाराशी बांधलं. सगळ्यांना पहिल्या पानावर नेऊन सोडणं हा आळशी प्रकार. काजवे शोधत आलेल्याला कंपनीचा इतिहास दाखवून काय उपयोग? शिवाय नव्या साइटच्या आतल्या लिंका दुरुस्त केल्या, कारण त्यांतल्या निम्म्या अजून जुन्या पत्त्यांकडेच बोट दाखवत होत्या.

गूगल लगेच हलत नाही. त्या हंगामात गेलेलं गिऱ्हाईक परत आलं नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या, लोकांच्या जुन्या लेखांतल्या लिंका त्याच रात्री जिवंत झाल्या, आणि शेवटच्या शनिवार-रविवारी तंबू भरले. दादा म्हणाले, "पाटी बदलली तरी रस्ता तोच ठेवायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही का?" मी म्हटलं, "सांगितलं असेल हो, त्याचं बिल वेगळं असेल."

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये मोजलं की २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नाहीत. मराठीचा असा हिशोब कुणी केला असेल तर तो बघायला माझं मन धजावणार नाही. शाळेच्या साइट, ग्रामपंचायतींच्या साइट, एखाद्यानं हौसेनं लिहिलेली गावाची माहिती, हे सगळं बहुतेक वेळा पत्ता बदलून हरवतं. मजकूर कुठेतरी असतो. जिथून लोक यायचे ती वाट मोडलेली असते.

मराठी विकिपीडियावर हे काम शांतपणे होतं, म्हणून मला ती जागा आवडते. तिथे लेखाचं नाव बदललं की जुनं नाव 'पुनर्निर्देशन' म्हणून मागे राहतं. जुन्या नावानं आलात तरी नव्या लेखावर पोचता, आणि वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की तुम्ही कुठून आलात. कुणाला हिणवणं नाही, कुणाला हाकलणं नाही.

मी माझ्या गिऱ्हाइकांना आता दोन पर्याय देते. पानावर, शीर्षकात, नकाशात नवं नाव; पत्ता जुनाच. किंवा पत्ताही नवा, पण प्रत्येक जुन्या पत्त्याची वळण-ओळ लिहून, आणि ती फाइल मी स्वतः जपणार. बहुतेक जण पहिला घेतात, कारण तो स्वस्त आहे. रोपवाटिकेच्या काकांनी दुसरा घेतला. "पत्त्यात जुनं नाव दिसलं की लोक काय म्हणतील?" मी सांगितलं, काका, मोबाइलवर ते दिसतच नाही. "मला दिसतं ना," ते म्हणाले. यावर काय बोलणार. चाळीसेक ओळी लिहिल्या.

मंगल कार्यालयवाल्यांचं लग्नपत्रिकांमुळे वेगळंच. पत्रिकेवर जागा कमी, म्हणून पूर्वीपासून ते 'जि. अ.नगर' असं छापायचे. आजही तेच छापतात. दोन्ही नावांना चालतं. एवढा टिकाऊ पत्ता मी आजवर एकाही साइटला देऊ शकलेले नाही.

गुरुजींची वही अजून चालू आहे. परवा फोन आला. कापूरवाडीच्या लेखात शेंडीकडून येणाऱ्या नळाचा उल्लेख आहे, तिथे लिंक द्यायची होती. शेंडीचं पान आहे का आपल्याकडे, त्यांनी विचारलं. मी शोधलं. होतं, पण भंडारदऱ्याच्या शेंडीचं. "मग ही शेंडी लिहायला पाहिजे," म्हणाले, आणि गाडी पाठवतेस का म्हणून विचारलं, सकाळी सातला, उन्हाच्या आत जाऊन येऊ.